तिसऱ्या हॅमरची जागा

जबलपुरातल्या गोरखपूरच्या बाजारात या आठवड्यात मटर उतरला. आधी दोन-चार दिवस तो हातगाडीच्या एका कोपऱ्यात, मुळ्याच्या जुड्यांआड असतो. मग एका सकाळी पाहावं तर अख्खी गाडी हिरवी. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्याला मटार म्हणतात. आमच्या घरी मटरच. पहिली शेंग अंगठ्यानं फोडल्यावर जो कच्चा, गोडसर वास येतो, तो आल्याशिवाय आम्हा जबलपूरकरांना थंडी पडली असं वाटत नाही, मग अंगात स्वेटर असला तरी.

गेली तीन वर्षं मात्र त्या वासाबरोबर मला दुसरंच काही दिसतं. विटांच्या उंच भिंतीवरून ओघळणारं काळं पाणी, आणि त्या पाण्याखाली हळूहळू उजळत जाणारी लाल वीट.

जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी सिव्हिल इंजिनियर आहे. त्या वर्षी मटरच्या दिवसांत आमच्याकडे रांझीकडच्या एका जुन्या कारखान्यातली शेड आली होती. तिला सगळे ‘नेवल’ म्हणत. लढाईच्या काळात किनाऱ्यावरच्या गोद्यांना धोका वाटू लागला, तेव्हा गोदीतलं काही काम उचलून देशाच्या पोटात आणून ठेवलं, त्यातली ही एक. जहाजांना लागणारे लोखंडी आकडे, साखळ्यांच्या जाड कड्या, नांगराचे भाग इथं तापवून ठोकले जात. ज्यांनी नर्मदेपेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नाही अशा माणसांनी इथं दोन-तीन पिढ्या समुद्राचं लोखंड घडवलं. पुढे ते काम गेलं, भट्ट्या विझल्या, शेडला कुलूप लागलं. कबुतरं राहिली. आता तिथं मुलामुलींसाठी प्रशिक्षण केंद्र व्हायचं होतं. एका बाजूला संगणकाचे वर्ग, दुसऱ्या बाजूला वाचनालय, मध्ये बसून अभ्यास करायला मोठी जागा.

पहिल्या दिवशी दार सरकवलं तेव्हा उजेड आमच्याबरोबर आत आला आणि दहा पावलांवर थांबला. वरच्या काचांवर काजळीचा इतका थर होता की दुपारी बाराला आत संध्याकाळ. नाकात जुन्या तेलाचा, राखेचा, पंखांचा वास. माझ्याबरोबर मृणाल होती. ती मूळची पुण्याची आर्किटेक्ट. नवऱ्याची लष्करातली बदली झाली म्हणून वर्षभरापूर्वी जबलपूरला आलेली. तिनं मान वर करून छत तोलणाऱ्या लोखंडी कैच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. मग म्हणाली, “अर्चनाताई, हे सगळं धुवून काढलं तर खाली काय राहील?”

“वीट राहील,” मी म्हटलं.

मला वेगळं काही म्हणायचं होतं, पण ते मी तिला अजून सांगितलं नव्हतं. माझे बाबा या शेडमध्ये तीस वर्षं होते.

बाबा, म्हणजे देवराव, हॅमर ड्रायव्हर होते. वाफेवर चालणारा, दोन माणसांएवढा उंच हॅमर, त्याचा दांडा त्यांच्या हातात. दांडा दाबला की टनाचं वजन खाली येई. त्या आवाजात माणसाचा आवाज कुणाच्या कानापर्यंत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून ही माणसं हातानं बोलत; समोर लोखंड धरणारा इशारा करी आणि बाबा तो पाहून दांडा दाबत. एक बोट वर केलं की हलका ठोका. तळवा खाली केला की जोराचा. मूठ मिटली की थांब. बाबांचे कान त्या शेडमध्येच गेले, आणि ते हातांचं बोलणं त्यांच्याबरोबर घरी आलं. आई भात वाढायला वाकली की बाबांचा तळवा खाली जाई. पुरे झालं की मूठ मिटे. आम्हा बहिणींना वाटायचं, सगळ्यांच्याच घरी वडील असे जेवतात. कानाला लावायचं यंत्र पुढे मी आणून दिलं. ते एका डब्यात असतं. “त्याच्यात लय गडबड ऐकू येते,” असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरात आजही सगळे मोठ्यानं बोलतात, आणि बाबा तर सर्वांत मोठ्यानं. खाजगी असं काही आमच्या घरात कुजबुजून सांगताच आलं नाही.

धुण्याचं काम पंधरा दिवस चाललं. परातीत सोड्याचं पाणी, हातात काथ्याचे ब्रश, आणि बांबूच्या परांचीवर एका ओळीत बसलेल्या सात-आठ बायका. सुखवती त्यांची म्होरकी. तिच्या कोपरापर्यंत काळं पाणी उतरे. काजळी सहज निघत नव्हती. खालची वीट दिसायला तीन-तीनदा घासावं लागे. मृणालनं एक खांब न धुता तसाच ठेवायला सांगितलं. सुखवतीला ते पटलं नाही. “बाकी सब नहलाए, इसी ने क्या बिगाड़ा है?” असं ती म्हणाली. खांब मात्र काळाच राहिला.

भिंतींनंतर जमिनीकडे वळायचं होतं. जमीन म्हणजे जाड लोखंडी प्लेटा, त्यांच्याखाली राख आणि भट्टीचा चुरा. वाचनालयाची पुस्तकांची कपाटं जड असतात. ती ठेवायची तर खाली काय आहे हे नीट ठाऊक हवं. हॅमर साधे जमिनीवर उभे करत नसत. खाली दोन पुरुष खोल खड्डा, त्यात सागाच्या ओंडक्यांचे थर, त्यावर ऐरण, अशी ती रचना. हॅमर काढून नेले की खड्डे वरून झाकून टाकलेले. कारखान्याकडून आलेल्या नकाशात असे दोन खड्डे दाखवले होते.

मी नकाशा घरी नेला. लहानपणी बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं होतं: मी तिसऱ्या हॅमरवर आहे. नकाशावर तिसरा नव्हता.

बाबा अंगणात उन्हाला बसले होते. मी कागद त्यांच्या मांडीवर पसरला आणि मोठ्यानं विचारलं, “बाबा, तिसरा हॅमर कुठं होता?”

त्यांनी कागदाकडे पाहिलं. बोट दोन्ही खड्ड्यांवरून फिरलं आणि थांबलं.

“होता,” ते म्हणाले. “मंग नेला त्यायनं काढून. लय वर्सं झाले.”

“हो, पण जागा कोणती?”

“आठवत नाही आता.”

“बाबा, तुम्ही इतके वर्षं तिथं उभे राहत होते.”

“सांगून राहिलो ना, आठवत नाही,” म्हणत त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

बाबांची पंचाहत्तरी उलटलेली. या वयात विसरतं माणूस, असं मी स्वतःला सांगितलं. जमिनीत काय आहे ते वरून दाखवणारं यंत्र नागपूरहून यायला तीन आठवडे लागणार होते आणि तेवढं थांबायला कुणी तयार नव्हतं. आम्ही प्लेटांवर लोखंडी दांड्यानं ठोकून पाहिलं. सगळीकडे सारखाच पोकळ आवाज आला, कारण राख सगळीकडेच होती. मी काम सुरू करायला सांगितलं. हे मी सांगितलं, दुसऱ्या कुणी नाही, हे इथं लिहून ठेवायला हवं.

चार दिवसांनी दुपारी सुखवती राखेचं घमेलं डोक्यावर घेऊन चालली होती. एक प्लेट काढलेली होती, तिच्या शेजारची सुखवतीच्या पायाखाली कलली. कुजलेल्या लाकडाचा भुगा होऊन बसलेला होता. त्यात तिचा पाय मांडीपर्यंत गेला. घमेलं उलटलं, राखेचा ढग उठला, आणि त्या ढगातून काही क्षण नुसतं तिचं खोकणं ऐकू आलं. आम्ही तिला वर ओढलं. पाय मोडला नाही. मांडीपासून घोट्यापर्यंत साल निघाली होती. दोन्ही हातांनी पाय धरून ती बसली आणि म्हणाली, “दीदी, नीचे जमीन है ही नहीं.”

दवाखान्यातून आल्यावर मी साइटच्या वहीत त्या दिवसाचा अहवाल लिहिला. ‘अनपेक्षित पोकळी आढळली.’ लिहिताना अनपेक्षित या शब्दावर हात थोडा अडखळला होता, तेवढं मला चांगलं आठवतं. पण लिहिला.

घरी येऊन मी हे जेवणाच्या वेळी सांगितलं. बाबांसाठी मोठ्यानं सांगावं लागलं, म्हणून सगळं नीट, क्रमानं सांगितलं. बाईचा पाय, राख, रक्त. बाबा ऐकत होते. मी भात वाढायला वाकले तर पानात काही पडायच्या आधीच त्यांनी मूठ मिटली आणि ते उठून गेले.

सकाळी मी निघायच्या आधी ते तयार होऊन दारात उभे. कोट, मफलर, खांद्याला पिशवी.

“सिहोऱ्याला चाल,” ते म्हणाले. “हरप्रसादकडे.”

“आज? मला साइटवर जायचंय बाबा. आणि मटर आणायला आत्ताच काहून?”

“मटरसाठी नाही. त्याले घेऊन यायचं आहे तिथं.”

हरप्रसाद हे नाव मला माहीत होतं, बाबांच्या कारखान्यातले जुने सोबती एवढंच. बाबा दर वर्षी या दिवसांत आठ दिवस सिहोऱ्याकडे या हरप्रसादांच्या गावी जात आणि येताना पोतंभर मटर आणत. नोकरीत होते तोवर रजा टाकून जात, निवृत्त झाल्यावरही गेले. आई होती तोवर दर वर्षी एकदा म्हणायची, “एक पोतं मटर आणायले आठ दिवस लागतात काय?” बाबा ऐकू न आल्यासारखं करत. त्यांच्या बाबतीत ते खरं की खोटं, हे कळायला मार्ग नसे.

मी गाडी काढते म्हटलं, पण त्यांना बसनंच जायचं होतं. धुकं होतं. खिडकीबाहेर कुठं कुठं शेताची कड दिसे आणि नाहीशी होई. सिहोऱ्याला उतरून आम्ही रिक्षा केली. गावाबाहेर शेताच्या बांधाशी ते उतरले, पिशवीतून एक गोणपाट काढलं, पहिल्या सरीशी अंथरलं, त्यावर बसले आणि शेंगा तोडू लागले. कुणाला हाक नाही, नमस्कार नाही. एका हातानं वेल धरायचा, दुसऱ्यानं शेंग खुडायची, मांडीवरल्या पंच्यात टाकायची. हे ते माझ्यासमोर पहिल्यांदाच करत होते, आणि हात असे चालत होते की वर्षानुवर्षं हेच करत आलेत.

बांधावरून एक म्हातारा माणूस येत होता. बाबांहून थोडा लहान, काटक. उजव्या हाताला मनगटाच्या पुढे काही नव्हतं. मागून त्यांची बायको, डोक्यावर पदर, हातात पितळी लोटा.

“आज जल्दी आ गए भैया,” ते म्हणाले. मग मला पाहून, “ये बिटिया?”

मी वाकून नमस्कार केला. त्यांच्या बायकोनं मला खाटेवर बसवलं, चहा दिला. मी तिला काकी म्हटलं. मला विचारायचं होतं ते न विचारताच तिनं सांगितलं.

“तुम्हारे पापाजी हर साल आते हैं बिटिया। एक हाथ से मटर टूटता नहीं है, बेल उखड़ जाती है। पहले साल ये बहुत चिल्लाए थे कि नहीं चाहिए, जाओ। वो गए नहीं। बैठे रहे, तोड़ते रहे।” ती थोडं हसली. “तोड़ना आता नहीं था। आधी फली कच्ची।”

“उनका हाथ कैसे गया, काकी?”

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. “हैमर में। तुमको बताया नहीं? पापाजी ही तो चलाते थे।”

मी चहा खाली ठेवला. एक दुपार आठवली. मी तिसरीत असेन. बाबा भर दुपारी घरी आले होते आणि मागच्या नळाशी बसून हात धूत होते. किती तरी वेळ. आईनं आम्हाला आत ओढून दार लावून घेतलं. मला वाटलं होतं, काजळी निघत नसेल.

हरप्रसादकाकांना मी शेडचं सांगितलं, सुखवतीचा पाय सांगितला. बाबा तिकडे सरीत पाठमोरे बसले होते. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “भैया ने नहीं बताया जगह?” मी म्हटलं, त्यांना आठवत नाही. काकांनी एकवार बाबांच्या पाठीकडे पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी कोट चढवला. काकीनं त्यांच्या कोटाची बटणं लावून दिली.

आम्ही शेडमध्ये पोचलो तेव्हा दुपार सरत आलेली. वरच्या काचा आता स्वच्छ होत्या. लांब तिरपं ऊन भिंतीवर होतं आणि वीट इतकी लाल की काका दारातच थबकले. “ये तो ससुराल जाने जैसी हो गई,” ते म्हणाले. बायका परांचीवरून पाहत होत्या. सुखवती पायाला पट्टी बांधून दाराशी बसलेली होती. घरी बसून करमत नाही म्हणून आली होती. मृणाल पुढे आली. तिला जुन्या कामगारांच्या आठवणी हव्या होत्या, एका भिंतीवर लिहायच्या होत्या. “काका, तुम्ही दोघं इथं एकत्र होतात?” तिनं बाबांना विचारलं. बाबांना ऐकू आलं नसावं.

मी नकाशा उघडला. काकांनी तो हातानं बाजूला केला. “भैया, तुम दिखाओ।”

बाबा चालू लागले. कुठं थांबले नाहीत, काही मोजलं नाही, खांबाकडे पाहिलं नाही. सुखवतीचा पाय गेला होता तिथून पाच-सहा पावलं पुढे गेले आणि उभे राहिले. दोन्ही पाय थोडे फाकवून. उजवा हात आपोआप कमरेएवढा वर आला आणि दांडा धरल्यासारखा तिथंच राहिला. त्यांना सगळं आठवत होतं. अंगणात बसून नकाशाची घडी घालतानाही आठवत होतं.

काका त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले, तीन हातांवर. बहुधा तेवढंच अंतर तेव्हाही असेल.

“हरप्रसाद,” बाबा म्हणाले, “तूने इशारा नहीं किया था।”

काकांनी डावा हात कानामागे धरला. तेही त्याच शेडमधले. “क्या?”

बाबांना ते पुन्हा म्हणावं लागलं. एकदा तोंडातून काढायला इतकी वर्षं लागलेली गोष्ट लगेच दुसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं. त्यांनी ओरडून सांगितलं, आणि रिकाम्या शेडनं ते प्रत्येक भिंतीपर्यंत नेलं.

“तूने इशारा नहीं किया था उस दिन। मैंने देखा ही नहीं। मैं दरवाजे की तरफ देख रहा था। चाय आई क्या, देख रहा था। हाथ अपने आप चल गया।”

वरचे ब्रश थांबले होते. परांचीवरून काळं पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

“मालूम है,” काका म्हणाले.

बाबा त्यांच्या ओठांकडे पाहत होते.

“औजार सरक गया था, हम सीधा कर रहे थे। तुम्हारी ही तरफ देख रहे थे भैया। तुम्हारा मुंह दरवाजे पर था।” ते सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलत होते, बाबांना कळावं म्हणून. “अस्पताल में साहब आए। बोले, देवराव कहता है तुमने इशारा किया। हमने कहा, किया होगा। तुम्हारी बिटियां छोटी थीं। और हाथ तो लौटना नहीं था।”

“मैंने झूठ बोला।”

“हां। बोला।” काकांचा आवाज आता बदलला. “दो साल तुमको रोज कोसा। फिर तुम मटर तोड़ने आ गए। हर साल लगता था, इस साल बोलेगा। बहुत देर लगाई भैया।”

बाबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. काका वळले आणि दाराशी जाऊन, पाठ करून बसले. बाबा होते तिथंच उभे. मी त्यांच्याजवळ गेले नाही. का गेले नाही, हे मी पुढे कित्येकदा स्वतःला विचारलं आहे. इतका राग मला माझ्या वडिलांचा कधी आला नव्हता, आणि इतकी कीवही. दोन्हींना एकाच वेळी जागा देणं मला जमलं नाही.

सुखवतीनं हरप्रसादकाकांच्या पुढ्यात पाण्याची बाटली ठेवली. बऱ्याच वेळानं ते पाणी प्यायले आणि मागे न पाहताच म्हणाले, “बिटिया, खुदवाना है तो खुदवा लो। शाम हो जाएगी।”

बाबा उभे होते बरोबर त्यांच्या पायाखाली तिसरा खड्डा निघाला; सुखवतीचा पाय गेला ती त्याची नुसती कड होती. साग कुजून तपकिरीसारखा झालेला. आम्ही तो उपसला, खालच्या मुरमापर्यंत गेलो, काँक्रीट भरलं. पहिली परात सुखवतीनं टाकली. तिनं ती मागून घेतली होती.

त्या संध्याकाळी घरची बस गाठायला जाताना मी बाबांना विचारलं, “इतक्या वर्षांत एकदाही काहून नाही सांगितलं?”

“मटर तोडतानी रोज ठरवत जाऊ, आज सांगतो,” बाबा म्हणाले. “सांज होऊन जाये.”

मी जमिनीखालचं काम करणारी बाई. जमिनीवर काय भार येणार हे आम्ही काढतो, त्याचे आकडे लिहितो. ज्यांनी तो नकाशा केला त्यांनी उचलून नेलेल्या हॅमरची जागा दाखवली नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं तिथं काही उरलं नव्हतं. पण बाबांनी चौकशीत दिलेल्या दोन ओळींच्या जबानीखाली एक माणूस तीस-पस्तीस वर्षं ‘कामगाराची स्वतःची चूक’ म्हणून गाडला गेला होता. आणि त्यावर पाय देऊन आमचं घर चाललं. माझी शाळा, कॉलेज, इंजिनियर होणं. दुसऱ्या दिवशी मी साइटची वही काढली. ‘अनपेक्षित’ हा शब्द खोडला, वर सही केली, आणि खाली लिहिलं की तिसरा हॅमर होता हे मला ठाऊक होतं. आमच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्याचं जे व्हायचं ते झालं. सुखवतीला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, “तो पहले बोलना था दीदी।” तिचं बरोबर होतं.

आता ती शेड ओळखू येत नाही आणि येतेही. वरच्या काचांतून येणारा उजेड टेबलांवर पडतो. रांझीतल्या कामगारांच्या मुली सायकली बाहेर लावून येतात आणि संध्याकाळपर्यंत परीक्षांची पुस्तकं वाचतात. क्रेन ज्यावरून फिरे तो रूळ वर तसाच आहे. त्याला दिवे टांगलेत. काळ्या खांबाला टेकून बसायला कुणाची ना नसते, फक्त ओढणीला काजळी लागते, म्हणून नव्या मुली एकदाच टेकतात. पुस्तकांची कपाटं तिसऱ्या खड्ड्यावर उभी आहेत आणि जमीन तसूभरही खचलेली नाही. मृणालनं भिंतीवर आठवणी लिहिल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, “जे ऐकलं ते लिहिण्याएवढी मी इथली नाही.” ती पुढच्या बदलीला गेली. मी कधी कधी तिथं जाऊन बसते. पानं उलटल्याचा आवाज येतो. आपले वडील जिथं बहिरे झाले तिथं पानाचा आवाज ऐकू येतो याचं काय करावं, हे मला अजून कळलेलं नाही.

पण त्या थंडीतला जो दिवस मला मनाशी जपावासा वाटतो तो उद्घाटनाचा नव्हे. त्याच्या पुष्कळ आधी, मटर संपत आला होता तेव्हाचा आहे.

बाबांनी माझ्याकडून हिंदीत एक अर्ज लिहून घेतला. चौकशीत मी खोटं सांगितलं होतं, इशारा दिलेला नव्हता, चूक माझी होती, हरप्रसादची नव्हती. तीन वेळा वाचून दाखवायला लावला. तिसऱ्यांदा मी हळू वाचू लागले, तर म्हणाले, “जोरानं वाच, ऐकू नाही येऊन राहिलं.”

आम्ही कारखान्याच्या कार्यालयात गेलो. बाबांनी काकांना कळवलं नव्हतं, पण काका गेटवर उभे होते; काकीला मी फोनवर सांगितलं होतं. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. शेडमधल्या त्या दुपारनंतर ते पहिल्यांदाच भेटत होते. त्या वर्षी बाबा पुन्हा शेतावर गेले नव्हते.

टेबलामागे तिशीतली एक बाई होती. तिनं अर्ज वाचला, परत वरपासून वाचला, आणि चष्मा काढून ठेवला.

“बाबूजी, ये तो बहुत पुरानी बात है। फाइल शायद निकले भी नहीं।”

मी तेच मोठ्यानं बाबांना सांगितलं. मागे रांग होती, सगळे पाहू लागले.

“निकले तो उसमें लगा देना,” बाबा म्हणाले. “नहीं निकले तो नई बना लो। कागज में सही बात रहनी चाहिए।”

“पर आप चाहते क्या हैं? कुछ तो लिखना पड़ेगा।”

“कुछ नहीं चाहिए।”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आवकच्या वहीत अर्ज चढवला, शिक्का मारला, आणि साक्षीदाराची सही लागेल म्हणाली. हरप्रसादकाका पुढे सरकले. डाव्या हातात पेन धरून, उजव्या मनगटानं कागद दाबून, त्यांनी एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. रांगेतल्या कुणी घाई केली नाही. ‘ह’वर ते बराच वेळ थांबले. बाबा त्या हाताकडे पाहत होते, आणि या वेळी त्यांनी एकदाही नजर काढली नाही.

सही झाल्यावर बाईंनी विचारलं, “और आप? आपको इसमें कुछ मांगना है?”

काकांनी पेन टेबलावर ठेवलं.

“नहीं बिटिया,” ते म्हणाले. “हम तो इनके साथ आए हैं।”